समुद्रातली खुरपणी

पाण्याबद्दल माझ्या घरमालकांइतकं बोलणारा आणि पाण्याचं त्यांच्याइतकं कमी ऐकणारा माणूस अख्ख्या मावळात दुसरा सापडणार नाही. लोणावळ्यात त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहते. एका रिसॉर्टच्या बुकिंगचे ईमेल बघणं हे माझं काम आणि माणसांशी शक्यतो लेखी बोलणं हा माझा स्वभाव. खोली दाखवताना काकू म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे कसला आवाज नसतो हो." त्या खोटं बोलल्या नव्हत्या. संसाराच्या कुठल्याशा वर्षी त्यांनी काकांचा आवाज ऐकणं थांबवलं होतं आणि तेव्हापासून त्यांच्या दृष्टीने घरात शांतताच होती. मला ती विद्या यायला बरेच महिने लागले. तोवर टाकवे बुद्रुकमधल्या एका विहिरीविषयी मी इतकं ऐकलं होतं, की त्या विषयाची परीक्षा असती तर मी बोर्डात आले असते.

विहीर काकांच्या घरची, त्यांच्या आजोबांनी खणलेली. काका आणि त्यांचा धाकटा भाऊ दोघांच्या मालकीची, पण अभिमान सगळा काकांच्या वाट्याला आलेला. दर रविवारी ते आपली जुनी व्हॅन काढून टाकव्याला जात आणि निळे कॅन भरून आणत. घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी ते पाणी प्यावं लागे. गॅसवाला, मीटर बघायला आलेला माणूस, वर्गणी मागणारी मंडळाची पोरं, कुणालाच सूट नव्हती. तांब्याचा पेला पुढे येई आणि काका समोर उभे राहत, दहावीचा निकाल लागणार असल्यासारखे. पहिल्या दिवशी मी एक घोट घेतला आणि "छान आहे" म्हटलं.

"छान?" काका काकूंकडे वळले. "छान म्हणे. छान पडदे असतात. मॅडम, जरा जिभेवर धरा. काय जाणवतंय?"

मला पाणी जाणवत होतं. तसं सांगायचा धीर नव्हता, म्हणून मी "गोड" म्हटलं आणि खोली मला मिळाली. त्यानंतर मात्र माझ्या नळाला नगरपालिकेचंच पाणी आलं. ते काकांच्या मते भांडी घासायला आणि भाडेकरूंना चालण्यासारखं होतं.

बाकी जगाच्या पाण्याची त्यांनी प्रतवारी लावून ठेवली होती. पुण्याच्या पाण्याला पाइपाची चव. मुंबईचं पाणी दमलेलं. तळेगावचं चालेल, पण आजारी माणसाला देऊ नये. बाटलीतलं पाणी तर मेलेलंच. सोमाटण्याच्या एका लग्नात त्यांनी भर पंगतीत पिशवीतून स्वतःचा तांब्या बाहेर काढला आणि यजमान बघत राहिले तेव्हा "तुमच्या पाण्याला नाव ठेवत नाही, पण माझी सवय बिघडेल" असं समजुतीच्या स्वरात सांगितलं. ही हकिगत ते स्वतःच सांगत, यजमानांची समजूत पटली अशा थाटात. त्या घराशी बोलणं अजून बंद आहे, ही पुढची माहिती काकूंची.

अशा माणसाच्या हाती समुद्र लागला, हे समुद्राचं नशीब.

झालं असं, की पलीकडच्या गल्लीत मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला होता. तो विकायला निघाला. त्यांच्या दिवाणखान्यात सोफ्याएवढा लांब काचेचा टँक होता आणि त्यात खाऱ्या पाण्यातला छोटा समुद्र: भोकाभोकांचे खडक, दोन केशरी मासे आणि रंगीबेरंगी कोरल. कोरल दिसायला झाडासारखं, पण असतो तो प्राणी, आणि नाजूक. काका त्यांचा जुना इन्व्हर्टर बघायला गेले होते. येताना समुद्र घेऊन आले. काकूंच्या शोकेसची भिंत त्या दिवशी गेली. मालकाने निघताना एकच गोष्ट परत परत बजावली होती, "अंकल, सिर्फ आरओ का पानी. नल का नहीं, कुएँ का नहीं." अशा टँकमध्ये आरओच्या मशीनमधून शुद्ध केलेलं पाणी घ्यायचं, त्यात समुद्राचं म्हणून वेगळं मीठ मिळतं ते कालवायचं आणि तेच वापरायचं, असा सगळ्या जगाचा रिवाज आहे. काकांनी घरी येऊन त्या रिवाजाचा निकाल लावला. "मुंबईचा माणूस. त्याने पाणी कधी पाहिलंय? मीठ त्यांचं, पाणी आपलं. माशांनाही कळू दे काय असतं ते."

माशांना कळलं की नाही, सांगता येत नाही. शेवाळाला मात्र ताबडतोब कळलं. आधी खडकांवर तपकिरी धुरळा बसला. मग काचेवर हिरवी साय धरली. मग खडकांना केस फुटले, लांब, हिरवे, पंपाच्या प्रवाहात भांग पाडल्यासारखे एका बाजूला झुकणारे. एका कोपऱ्यात वाळूवर लालसर चिकट पापुद्रा पसरला, दुसऱ्या कोपऱ्यात खडकाच्या फटीत हिरवे चकचकीत मणी लागले. मी जिन्यावरून उतरताना रोज बघायची. टँक बघून समुद्राची आठवण येत नव्हती, गणपती विसर्जनानंतरच्या तळ्याची येत होती.

काका उर्स्याजवळच्या एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले, पण डोकं शेतकऱ्याचं. शेवाळाची इंग्रजी नावं मी वाचून दाखवली ती त्यांनी ऐकून घेतली आणि लगेच बदलून टाकली. केसाळ शेवाळ झालं हरळी. लाल पापुद्रा झाला तांबेरा. हिरवे मणी झाले द्राक्षं. आणि रोज सकाळी या सगळ्याविरुद्ध जे चाले त्याचं नाव खुरपणी. बनियनवर, चष्मा कपाळावर चढवून, स्टुलावर उभं राहून काका उजवा हात खांद्यापर्यंत समुद्रात घालत आणि टूथब्रशने खडक घासत. त्या घरात कुणाच्याही टूथब्रशला म्हातारपण आलं नाही. काकूंची भाची राहायला आली होती, ती सकाळी बेसिनपाशी शोधाशोध करत असताना तिचा गुलाबी ब्रश खडकावर कामाला लागलेला होता. "नवीन घेऊन देतो गं," काका पाण्यातून हात न काढता म्हणाले. "पण ब्रश काय मऊ आहे तुझा! कुठला म्हणायचा?"

माझी नेमणूक दुभाषी म्हणून झाली. जगभरचे असे टँक पाळणारे लोक इंटरनेटवर एकमेकांना सल्ले देतात, ते सगळे इंग्रजीत. "तुम्ही इंग्लिश मीडियमवाले, तुम्हाला काय अवघड आहे," म्हणून काका मला रोज संध्याकाळी हॉलमध्ये बसवत. मी वाचून दाखवायची, ते खोडून काढायचे. मला वाटायचं मी कुणा परदेशी माणसाची वकिली करतेय आणि न्यायाधीश आधीच जेवून झोपलेला आहे.

"हे मणी फोडू नका म्हणतात," मी एकदा सांगितलं. "फुटले की आतलं बी सगळीकडे पसरतं. अख्खे उचलून बाहेर काढायचे."

"कोण म्हणतं?"

"अमेरिकेतले कुणीतरी आहेत."

"त्यांना द्राक्षातलं काय कळतंय? आमचे नाशिकला पाहुणे आहेत," असं म्हणून काकांनी माझ्यासमोर एक मणी अंगठ्याने दाबला. "फुटला! बघा. संपला विषय." पुढच्या महिन्यात टँकमध्ये द्राक्षबाग उभी राहिली. माझ्या चेहऱ्यावर काही दिसू नये याची मी फार काळजी घेतली.

मग फौज आली. पुण्याहून शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणल्या. त्या खात होत्या, पण खाता खाता खडकावरून पडत, आणि उलट्या पडल्या की त्यांना सरळ होता येत नसे. त्यामुळे काकांची एक फेरी केवळ गोगलगायी उताण्याच्या उपड्या करण्यासाठी होऊ लागली. कारखान्यात डुलकी काढणाऱ्या पोरांना उठवावं तसं ते एकेकीला उचलत आणि म्हणत, "उठा, ड्युटी आहे." नंतर एक मोठा पिवळा मासा आला. हा दिवसभर शेवाळच चरतो, अशी दुकानदाराची खात्री होती. चरलाही असता. पण काकांच्या घरी पाहुणा आला आणि त्याला पहिल्याच दिवशी गवत घालायचं, हे त्यांच्या जिवाला कसंतरी झालं. त्यांनी त्याला चांगलं दाणेदार खाद्य घातलं. दुसऱ्या दिवशीही घातलं. आठवड्याभरात माशाची शेवाळाशी ओळखसुद्धा राहिली नाही. काका टँकपाशी आले की तो काचेला नाक लावून उभा राही, आणि काका म्हणत, "बघा, माणूस ओळखतो."

शेवटचा उपाय अंधाराचा. उजेड नसला की शेवाळ मरतं, हे त्या अमेरिकेतल्या गृहस्थांचं एकमेव वाक्य काकांना पटलं, कारण शेतातही तसंच असतं. त्यांनी दिवे बंद केले आणि टँकवर काकूंच्या गोधड्या, शाली, एक सतरंजी असं सगळं टाकलं. हॉलचाही दिवा लावायला बंदी. काकू अंधारात शेंगा सोलत बसल्या. आलेल्यागेलेल्याला काका तोंडावर बोट ठेवून आत घेत, घरात कुणी गंभीर आजारी असावं तसे. गोधड्या काढल्या तेव्हा हरळी खरंच पांढरी पडली होती. काकांनी गल्ली गोळा केली. सगळ्यांनी पाणी प्यायलं, गोड आहे म्हटलं. मग काकांनी टँकमध्ये टाकव्याचे ताजे दोन कॅन मीठ कालवून ओतले, आणि दहीहंडी येईपर्यंत खडकांना पुन्हा केस आले, आधीपेक्षा दाट.

बाजारात त्यांच्या एका वर्गमित्राचं हार्डवेअरचं दुकान आहे. सगळे त्यांना भाई म्हणतात. शुक्रवारची नमाज झाली की भाई घरी येत, पेलाभर पाणी पीत, आणखी पेलाभर मागून घेत, आणि मग टँकसमोर बसून काकांचा जीव खात.

"काय रे, पीक कसं काय यंदा?"

"पीक नाही ते, तण आहे."

"मग दोन शेळ्या सोड आत."

"तू तुझे नळ विक."

"नळच विकतोय ना. एक आरओ बसव म्हणून किती दिवस सांगतोय. दुकानात तुझ्या नावाचं मशीन पडलंय. गिऱ्हाईक विचारतं तर म्हणतो, हे नाही विकायचं, हे एका हट्टी माणसाचं आहे."

"टाकव्याच्या पाण्याला गाळणी लावू?" काकांचा आवाज चढे. "उद्या म्हणशील, आईच्या हातचं जेवण तपासायला पाठव."

"पाठवलं म्हणून काय झालं? आईचंही वय होतं," भाई म्हणाले.

काका उठले आणि कोरलपाशी गेले.

कोरलची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण तिथे थट्टा करायला मलाही जमत नसे. मुंबईच्या माणसाने दिली तेव्हा टँकमध्ये पुष्कळ कोरल होती. हरळी एकेकाच्या बुडापासून वर चढत गेली आणि एकेक मिटत गेलं. राहिलं होतं एक. त्याला लांब, सोनेरी टोकांची बोटं होती, पाण्यात हलत राहणारी. बरं असलं की ते पसरे आणि दोन्ही केशरी मासे त्याच्यात शिरून लोळत. आता ते दिवसातला बराच वेळ आवळून बसलेलं असे. मासे त्याच्याभोवती घुटमळत आणि परत जात. काका चिमट्याने त्याच्या बुडाची हरळी धागा धागा करून काढत. काकूंचा भुवयांचा चिमटा, अर्थात. पण ते काम करताना ते एक शब्द बोलत नसत. एकदा फक्त म्हणाले, "टाकव्याच्या पाण्यावर जगलं नाही असं काही मी आजवर पाहिलेलं नाही, मॅडम. हेही जगेल." त्यांच्या लेखी आता कोरल वाचणं आणि विहिरीचं नाव राहणं या एकच गोष्टी झाल्या होत्या.

पाणी कितपत बिघडलंय हे बघायला एक संच मिळतो. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि रंग बघायचा. पिवळा आला तर चांगलं. केशरी आला तर पाण्यात नायट्रेट वाढलंय. लाल आला तर फारच. नायट्रेट म्हणजे शेवाळाचं खत, आणि खत म्हटल्यावर काकांना पुढचं समजावून सांगायची गरज नव्हती. अडचण अशी, की काकांना केशरी आणि लाल यांतला फरक दिसत नाही. लग्नाच्या वेळी त्यांनी काकूंचा लाल शालू भगवा म्हणून पसंत केला होता. त्यामुळे नळी भरायच्या काकू, थेंब टाकायचे काका आणि रंग सांगायला जिन्याखालून "मॅडम, रंग!" अशी हाक आली की मी उतरायची.

त्या दिवशी मी उतरले आणि नळी उजेडात धरली. इतका गडद रंग मी आजवर पाहिला नव्हता. कोकम सरबतासारखा.

"लाल," मी म्हटलं. "खूपच लाल."

काकांनी टँककडे बघून त्याचा उद्धार केला. खडकांचा केला, मुंबईच्या माणसाचा केला, पिवळ्या माशाच्या पोटाचा केला. "घाण साठलीय आत! सगळं पाणी काढतो आज. सगळं टाकव्याचं भरतो."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला पीठ. "अहो, ते टँकमधलं नाहीये," त्या म्हणाल्या. "माझे हात हे असे. स्टुलावर कोण चढणार? मी कॅनमधलंच घेतलं."

"कुठल्या कॅनमधलं?"

"आपल्या. कालच आणलात तो."

घरात मी प्रथमच तशी शांतता ऐकली, काकूंनी पहिल्या दिवशी सांगितली होती तशी. थोड्या वेळाने काका म्हणाले, "कॅन धुतलेला नसेल." त्यांनी कॅन धुतला. दुसरा उघडला. पुन्हा नळी भरली, या वेळी स्वतः. मी पुन्हा रंग सांगितला. मग ते म्हणाले, "कॅनच जुने झालेत. प्लास्टिक सुटतं," आणि चपला घालून बाहेर निघून गेले.

रविवारी त्यांनी मला व्हॅनमध्ये बसवलं. विहिरीवरच नळी भरायची आणि रंग वाचायला माझे डोळे हवेत, असा हुकूम होता. कान्हे फाटा मागे पडला की त्यांची मराठी बदलते, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. फाट्यापर्यंत मॅडम, पुढे गेल्यावर "पोरी". विहिरीच्या वरच्या अंगाला, उताराच्या पट्टीवर, पांढऱ्या प्लास्टिकची लांबच लांब घरं उन्हात चमकत होती. गुलाबाची पॉलिहाऊस. ती जमीन दोघा भावांची, भाड्याने दिलेली.

काकांचा धाकटा भाऊ विहिरीपाशी आला. "दादा, आज कॅन कुटं हायेत?"

"कॅन न्हाई आनले. पानी तपासायचंय."

"तपासायचं म्हंजी?"

काकांनी स्वतः पोहरा सोडला, ओढला, नळी भरली, थेंब टाकले आणि हलवत राहिले, सांगितलंय त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. नळी माझ्या हातात देताना माझ्याकडे बघितलंही नाही.

"बोल पोरी. केशरी हाय का?"

केशरी म्हणता आलं असतं. त्यांना कळलंही नसतं. पण त्या माणसाने इतके महिने माझ्याकडून एकच काम घेतलं होतं, रंग सांगायचं.

"लाल आहे काका," मी म्हटलं.

त्यांचा भाऊ जमिनीकडे बघत म्हणाला, "त्येला आता काय इलाज न्हाई, दादा. वर गुलाबं हायेत. नळीनं रोज खत सोडत्यात. उतार हिकडंच हाय, झिरपनारच."

"तुला ठावं व्हतं?"

"आमी लय दिस झालं पीतच न्हाई हितलं. जार येतो घरात."

"आन मला का न्हाई बोलला?"

"कसं बोलायचं? तुमी येवढ्या लांबनं गाडी घिऊन यायचं, कॅन भरायचं, आमच्याच पोरांना समजावून सांगायचं पानी कसं असतंय. म्हनलं, ऱ्हाऊ द्या. दादाला गोड लागतंय तर लागू द्या."

"जमिनीच्या करारावर सही पयली माजीच हाय," काका म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

भावाच्या बायकोने पडवीत आम्हाला पाणी आणून दिलं. स्टीलचे ग्लास, आत जारचं पाणी. मी काकांकडे बघायचं टाळलं. सोमाटण्याच्या मांडवात तांब्या काढणारा माणूस. त्यांनी ग्लास तोंडाला लावला, तो संपवून खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं हाय."

परतताना व्हॅन थेट बाजारात, हार्डवेअरच्या दुकानासमोर थांबली. मी आतच बसून राहिले, काच खाली होती. भाईंनी काकांना बघितलं, मग रिकाम्या व्हॅनकडे बघितलं, आणि आरओच्या खोक्यावरची धूळ पुसायला घेतली.

"काय बोलायचं ते बोलून घे एकदा," काका म्हणाले.

"काय बोलू?" भाई म्हणाले. "मी पण इतकी वर्षं तेच पाणी पितोय. मला गोडच लागायचं."

मशीन बसलं. पुढचं सगळं अगदी कंटाळवाण्या रीतीने घडलं, त्या अमेरिकेतल्या गृहस्थांनी लिहिलं होतं तसं. दर आठवड्याला थोडं जुनं पाणी काढायचं, थोडं नवं घालायचं, माशाला बेताचं खायला द्यायचं आणि वाट बघायची. पिवळा मासा उपाशी राहिला तेव्हा त्याला गवताची आठवण आली. हरळी फिकी झाली, विरळ झाली आणि एके दिवशी पंपाच्या जाळीत गोळा होऊन बसली. द्राक्षं काकांनी अख्खी काढली, एकही न फोडता. सोनेरी बोटांचं कोरल पहिल्यांदा पूर्ण पसरलं तेव्हा दोन्ही मासे एकमेकांना ढकलत आत घुसले, आणि काकू कणकेच्या हातांनीच हॉलमध्ये येऊन उभ्या राहिल्या. भिंत गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी त्या टँककडे नीट बघितलं असेल.

आता लोक मुद्दाम बघायला येतात. सुट्टीला आलेली मुंबईची काही मंडळी फोटो काढून गेली. "अंकल, कसं मेंटेन करता?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "मशीन करतं." पूर्वी या प्रश्नावर पाहुण्यांची गाडी चुकली असती. आता त्यांना सरळ चहा मिळतो. काका रविवारी टाकव्याला जातातच, रिकाम्या हाताने जातात, तसेच येतात. जमिनीचा करार संपला की पुढे द्यायची नाही, असं त्यांनी भावाला सांगून पाहिलं. भावाची सून त्याच पॉलिहाऊसमध्ये कामाला जाते. काकांनी विषय वाढवला नाही, असं काकू म्हणाल्या. काकू हल्ली त्यांचं बोलणं ऐकतात, कारण ते थोडंच असतं.

मला हवी होती ती शांतता मिळाली आहे. ईमेल वेळेवर जातात. संध्याकाळी कुणी वाचायला बसवत नाही, कुणी हाक मारत नाही. परवा मी खाली उतरले तर काका टँकसमोर बसले होते, हात मांडीवर. काच इतकी स्वच्छ, की घासायला काही उरलं नव्हतं. एरवी मी त्यांच्या मागून आवाज न करता निघून जाते. त्या दिवशी शेवटच्या पायरीवर थांबले. पुण्याच्या पाण्याला तरी त्यांनी नाव ठेवावं, असं फार वाटलं.

"कोरल वाढलंय काका," मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले, आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून सोफ्यावर थोडे सरकले.